न्यूयॉर्कच्या पदपथावरील हलाल अन्न

महानगरांचे इतिहास लिहिणारे विद्वान बहुधा त्यांच्या पुलांचे, बंदरांचे, पेढ्यांचे आणि गगनचुंबी इमारतींचे इतिहास लिहितात. परंतु ज्या हातांनी ते पूल उभारले आणि त्या इमारतींचे मजल्यावर मजले चढविले, त्या हातांना दुपारच्या सुटीत रस्त्यावर काय खावयास मिळत होते, ते कोण विकीत होते आणि विकणाऱ्याला त्यापायी सरकारदरबारी काय भोगावे लागत होते, या प्रश्नांचा उलगडा झाल्यावाचून कोणत्याही नगराचा इतिहास पुरा झाला असे म्हणता येणार नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरापुरते बोलावयाचे, तर गेल्या पस्तीस वर्षांत या प्रश्नांचे उत्तर पोलादी पत्र्याच्या एका हातगाडीत सामावलेले आहे. दहा फूट लांबी आणि पाच फूट रुंदी यांपलीकडे तिने वाढू नये असा तेथील कायद्याचा दंडक आहे. तिच्यावर एक रंगीत छत्री असते, आत सपाट लोखंडी तवा, गॅसच्या टाक्या आणि भाताची भांडी असतात, आणि दर्शनी बाजूस अरबी व रोमन लिपींत ‘हलाल’ हा शब्द ठळकपणे रंगविलेला असतो. ज्या शहरात बसून जेवणे हा सामान्य चाकरमान्याला न परवडणारा विलास झाला आहे, त्या शहरात ही गाडी पोटभर, ऊन आणि ताजे अन्न देते. आणि म्हणूनच तिच्यापुढील रांगेत टॅक्सीचालक, पेढीवरचे कारकून, रात्रपाळीचे पहारेकरी, इस्पितळातील परिचारिका आणि विद्यापीठांतील विद्यार्थी एकामागे एक उभे असलेले दिसतात.

या गाडीवरील मुख्य जिन्नस म्हणजे भातावर घातलेली कोंबडी. हळदीने पिवळा केलेला लांब दाण्याचा मोकळा भात ॲल्युमिनियमच्या पातळ थाळीत पसरावयाचा, जिरे, धने, लसूण आणि लिंबू यांत मुरवून तव्यावर परतलेले आणि उलथन्याच्या धारेने तिथल्या तिथे बारीक केलेले कोंबडीचे तुकडे त्यावर घालावयाचे, एका बाजूस सॅलडचा चिरलेला पाला व टोमॅटो, दुसऱ्या बाजूस पिटा रोटीचे तुकडे ठेवावयाचे, आणि शेवटी पांढऱ्या सॉसची मुबलक व तांबड्या जहाल सॉसची बेताची धार सोडून थाळी बंद करून गिऱ्हाइकाच्या हाती द्यावयाची, असा त्याचा क्रम आहे. आणि सराईत गाडीवाल्याच्या हातून हा सारा क्रम मिनिटाभरात पार पडतो. कोंबडी नको असेल त्याच्यासाठी यीरो, म्हणजे दाबून केलेल्या मांसाच्या गोळ्यावरून उतरविलेले काप असतात. आणि ज्याला मांसच नको, त्याच्यासाठी वाटलेल्या हरभऱ्याचे तळलेले फलाफल असतात. यीरोच्या गोळ्यात कोकराच्या मांसाबरोबर बहुधा गोमांसही असल्यामुळे शिक्षणासाठी तेथे गेलेले आपल्याकडचे विद्यार्थी सहसा कोंबडीची किंवा फलाफलची थाळी घेतात. पंधरा वर्षांपूर्वी ही थाळी पाचसहा डॉलरांना मिळत असे. आज तिला आठ ते दहा डॉलर पडतात. हा भाव कोणामुळे वाढला, हा प्रश्न पुढे त्या शहराच्या राजकारणात थेट निवडणुकीच्या व्यासपीठापर्यंत पोहोचला. परंतु तेथे येण्यापूर्वी या गाडीची वंशावळ पाहिली पाहिजे.

ती वंशावळ फार जुनी आहे. न्यूयॉर्क हे इंग्रजांच्या वसाहतीतील एक लहानसे बंदर होते तेव्हा, १६९१ साली, सार्वजनिक बाजार उघडून दोन तास लोटल्याखेरीज फेरीवाल्यांनी रस्त्यावर विक्री करू नये असा निर्बंध तेथे घालण्यात आला. बाजारात गाळा घेऊन बसलेला व्यापारी आणि डोक्यावर पाटी घेऊन फिरणारा विक्रेता यांच्यातील तंट्यात नगराचा अंमल कोणाच्या बाजूने उभा राहणार, हे त्या दिवशीच ठरून गेले म्हणावयास हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातून छळाला कंटाळून आलेले यहुदी आणि दक्षिण इटलीतून दारिद्र्याला कंटाळून आलेले शेतकरी लक्षावधींच्या संख्येने या बंदरावर उतरले, आणि मॅनहॅटनच्या आग्नेय टोकाकडील लोअर ईस्ट साइड या भागात त्यांची इतकी दाट वस्ती झाली की तिला तोड त्या काळी जगात क्वचितच सापडली असती. ज्याला इंग्रजी येत नाही, ज्याच्या गाठीला भांडवल नाही आणि ज्याला गिरणीतला मुकादम उभा करीत नाही, अशा माणसाला हातगाडी हाच एक उद्योग मोकळा होता. आणि ती गाडीसुद्धा विकत घेण्याची ऐपत नसे, म्हणून ती दिवसाला दहा सेंट भाड्याने आणावी लागे. हेस्टर स्ट्रीटवर आणि ऑर्चर्ड स्ट्रीटवर या गाड्यांच्या रांगा लागत. त्यांवर मासळी, लोणच्यातल्या काकड्या, पाव, फळे, जुने कपडे आणि सुईदोरा असा संसाराचा सारा सरंजाम मिळे. एका जागी अर्ध्या तासाहून अधिक काळ थांबू नये असा नियम असल्यामुळे प्रत्येक गाडीवाला प्रत्येक दिवशी कायद्याचा अपराधी ठरे, आणि ज्याच्या हाती दंडुका त्याला त्या अपराधाचा मोबदला वसूल करता येई.

यहुदी वस्तीत या अन्नाला धर्माचेही एक अंग होते. त्यांच्या शास्त्राप्रमाणे कापलेले, म्हणजे कोशर, मांसच त्यांना चाले. आणि ज्या माणसाला आपले अन्न दुसऱ्या कोणत्याही दुकानातून घेण्याची धर्माने मुभा नाही, त्याची कोंडी करणे हे व्यापाराच्या मक्तेदाराला सर्वांत सोपे असते. १९०२ च्या मे महिन्यात मोठ्या मांसव्यापाऱ्यांच्या जुटीमुळे कोशर मांसाचा भाव पौंडाला १२ सेंटांवरून १८ सेंटांवर गेला, तेव्हा लोअर ईस्ट साइडमधील गृहिणींनी खाटकांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला. ज्यांना मताचा अधिकार नव्हता आणि ज्यांतील पुष्कळींना देशाची भाषाही अवगत नव्हती, अशा त्या स्त्रिया घरोघर फिरल्या, प्रार्थनामंदिरांत जाऊन उभ्या राहिल्या, दुकानांतील मांस रस्त्यावर फेकून त्यांनी पोलिसांचा मार खाल्ला, तुरुंगात गेल्या, आणि काही आठवड्यांतच भाव १४ सेंटांपर्यंत खाली आणून दाखविला. धर्माला मान्य असलेले अन्न गरिबाच्या आवाक्यात राहिले पाहिजे, या मागणीसाठी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर झालेला हा लढा हलाल गाडीच्या इतिहासातील पहिला अध्याय मानला पाहिजे; कारण धर्म निराळा असला, भाषा निराळी असली, तरी पोटाची अडचण तीच होती.

१९०६ साली महापौर मॅक्लेलन यांच्या कारकीर्दीत हातगाड्यांच्या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या मंडळाने आपला अहवाल सादर केला. गाड्यांवरील अन्न सडके आणि रोगट असते हा दुकानदारांचा नेहमीचा आरोप होता. मंडळाला त्यात फारसे तथ्य आढळले नाही. परंतु गर्दी, अस्वच्छता आणि वाहतुकीची अडचण ही कारणे शिल्लक होती, आणि ती पुढे तीस वर्षे वाढतच गेली. १९३४ साली महापौरपदावर आलेले फिओरेल्लो ला ग्वार्दिया यांचे वडील इटालियन आणि आई यहुदी होती. म्हणजे हातगाडीवर जगणाऱ्या दोन्ही समाजांचे रक्त त्यांच्या अंगात होते. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, हातगाडी ही त्यांना आपल्या लोकांच्या दैन्याची निशाणी वाटे, आणि ती रस्त्यावरून नाहीशी झाली म्हणजे ते दैन्यही नाहीसे होईल अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती. १९३९ चे जागतिक प्रदर्शन शहरात भरावयाचे होते, तेव्हा परदेशी पाहुण्यांच्या दृष्टीस हा पसारा पडू नये हाही एक हेतू होता. १९३६ साली ईस्ट हार्लेममध्ये लोहमार्गाच्या कमानींखाली आणि १९४० साली एसेक्स स्ट्रीटवर छपराखालचे बाजार बांधून त्यांनी गाडीवाल्यांना आत बसविले. ज्यांना आत जागा मिळाली ते दुकानदार झाले, ज्यांना मिळाली नाही त्यांचे काय झाले याची दखल इतिहासाने फारशी घेतलेली नाही.

याच महापौरांच्या कारकीर्दीत, १९३७ साली, आणखी एक कायदा झाला. त्याचा हातगाडीशी वरवर काही संबंध नाही, परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तो अत्यंत महत्त्वाचा आहे. हास कायदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कायद्याने शहरातील टॅक्सींच्या परवान्यांची संख्या बांधून टाकली. परिणाम असा झाला, की परवाना ही एक जहागिरी होऊन बसली. तिची किंमत वर्षानुवर्षे चढत गेली, आणि प्रत्यक्ष गाडी हाकणारा माणूस दर पाळीला परवानेवाल्याचे भाडे चुकते करून उरेल त्यात संसार करू लागला. हेच पुढे खाद्यगाड्यांच्या बाबतीत घडावयाचे होते, आणि त्या दोन्ही परवान्यांखाली राबणारी माणसे एकमेकांची विक्रेता व गिऱ्हाईक होऊन एकाच पदपथावर समोरासमोर उभी राहावयाची होती.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात रस्त्यावर सॉसेजची, खारट प्रेत्झलची आणि कॉफीची गाडी तेवढी उरली. ती बहुतांशी ग्रीक लोकांच्या हाती गेली; त्यांनी तिच्यावर मुले वाढविली, शिकविली, आणि ती मुले वकील, डॉक्टर किंवा उपाहारगृहांचे मालक झाली, तेव्हा गाडी पुढच्या पाहुण्यासाठी मोकळी झाली. हा पुढचा पाहुणा कोण असावा, हे १९६५ च्या कायद्याने ठरविले. त्या वर्षी अमेरिकेने राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत रद्द करून आशिया व आफ्रिका या खंडांना दार उघडले. आणि १९९० च्या कायद्याने तर ज्या देशांतून पूर्वी थोडे लोक आले होते त्या देशांसाठी चिठ्ठ्या टाकून प्रवेश देण्याची तजवीज केली. या सोडतीचा लाभ इजिप्त आणि बांगलादेश या दोन देशांतील लोकांना विशेष झाला. कैरोचा किंवा अलेक्झांड्रियाचा पदवीधर आणि सिल्हेटचा शेतकरी हे दोघेही क्वीन्स भागात भाड्याच्या एका खोलीत पाचसहा जणांत राहू लागले. ॲस्टोरियातील स्टाइनवे स्ट्रीटवर इजिप्तची उपाहारगृहे निघाली, जॅक्सन हाइट्समध्ये बंगाली दुकानांच्या पाट्या लागल्या, आणि शहराच्या पिवळ्या टॅक्सींच्या चाकांमागे पंजाबी, बंगाली आणि अरबी चेहरे दिसू लागले.

या टॅक्सीचालकांची पाळी बारा तासांची. त्यांतील पुष्कळजण मुसलमान. त्यांना डुकराचे मांस वर्ज्य, आणि अल्लाचे नाव घेऊन गळ्याच्या शिरा कापून रक्त वाहू दिलेल्या जनावराखेरीज अन्य मांस निषिद्ध. मॅनहॅटनच्या मध्यभागी त्यांना मोटार उभी करावयास जागा नाही, उपाहारगृहात बसावयास वेळ नाही आणि तेथील दर परवडावयाचे नाहीत; कोपऱ्यावरच्या सॉसेजवर त्यांचा विश्वास बसावयाचा नाही. १९९० साली त्रेपन्नावा रस्ता आणि सहावा ॲव्हेन्यू यांच्या नाक्यावर मोहम्मद अबुलेनैन, अहमद एलसाका व अब्देलबासेत एलसायेद या इजिप्तमधून आलेल्या तिघांनी जी गाडी लावली, तीही प्रथम सॉसेजचीच होती. परंतु पावात घातलेले सॉसेज हे बारा तास राबणाऱ्या माणसाचे जेवण नव्हे, आणि आपल्या धर्मबांधवांना ऊन भाताची आणि विश्वासाच्या मांसाची गरज आहे, हे त्यांनी ओळखले. आणि १९९२ च्या सुमारास सॉसेज काढून टाकून त्यांनी तव्यावर कोंबडी आणि थाळीत भात आणला. नाक्यावर टॅक्सींची रांग लागली. टॅक्सीचे उतारू चालकाला विचारू लागले, आणि थोड्याच वर्षांत मध्यरात्रीनंतर नाटकगृहांतून आणि पानगृहांतून बाहेर पडणारी तरुण मंडळी, ज्यांचा हलाल-हरामाशी काडीचा संबंध नाही, तीही त्या रांगेत येऊन उभी राहिली. ‘हलाल गाइज’ या नावाने पुढे २०१४ पासून त्या गाडीच्या शाखा दुकानांच्या रूपाने अमेरिकेत आणि अमेरिकेबाहेरही निघाल्या.

त्या थाळीकडे जरा लक्ष देऊन पाहिले, म्हणजे तिच्यात किती देशांचे देणे एकत्र आले आहे हे ध्यानात येते. यीरो हे तुर्कांच्या फिरत्या सुळावरील मांसाचे ग्रीक रूप. त्याचा यंत्राने दाबलेला गोळा १९७० नंतरच्या दशकात शिकागोच्या कारखान्यांतून तयार होऊ लागला, आणि ग्रीकांनी गाडी सोडली तरी तो गोळा मागे राहिला. फलाफल नाईलकाठच्या आणि शामच्या मुलखातले; पिवळ्या भाताकडे पाहिले तर इराणपासून बंगालपर्यंतचे सारे पुलाव आठवतात; मसाला गाडीवाल्याच्या गावाप्रमाणे बदलतो, म्हणजे इजिप्तचा माणूस जिरे-धन्यांवर भागवितो तर बांगलादेशचा माणूस त्यात मिरची आणि गरम मसाला घालतो; सॅलडचा पाला मात्र शुद्ध अमेरिकन. कैरोत ही थाळी मिळावयाची नाही आणि ढाक्यातही मिळावयाची नाही. ती न्यूयॉर्कच्या पदपथावर जन्मली. आणि ज्यांना शहराने घर दिले नाही, त्यांनी शहराला दिलेले ते पक्वान्न आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. २००६ साली शहरातील उत्कृष्ट रस्त्यावरील विक्रेत्याचा ‘व्हेंडी’ पुरस्कार जॅक्सन हाइट्समधील एका हलाल गाडीला मिळाला, आणि दुसऱ्याच वर्षी तो वॉशिंग्टन चौकात डोसे विकणाऱ्या श्रीलंकेतील तमिळ गृहस्थाला मिळाला.

आता या स्वस्ताईची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, कारण या लेखाचा खरा विषय तोच आहे. न्यूयॉर्कमध्ये खाद्यगाडी लावावयाची तर दोन सनदा लागतात : एक माणसाची आणि एक गाडीची. माणसाची सनद मिळणे अवघड नाही. अन्नाच्या स्वच्छतेचा अभ्यासक्रम पुरा करून फी भरली की ती मिळते. गाडीचा परवाना मात्र १९८३ पासून, महापौर एड कॉच यांच्या कारकीर्दीत, साऱ्या शहरात ३,००० या संख्येवर बांधून टाकण्यात आला. तेव्हा शहराची लोकसंख्या सुमारे ७० लाख होती. २०२० च्या खानेसुमारीत ती ८८ लाख भरली. परंतु काही विशेष वर्गांसाठी दिलेले थोडे परवाने आणि २००८ नंतरच्या फळभाज्यांच्या गाड्या सोडल्या, तर मर्यादा तेथल्या तेथेच राहिली. प्रतीक्षायादी इतकी लांबली की पुढे नवी नावे घेणेच बंद झाले. १९९५ पर्यंत एकेका कंपनीच्या हाती कित्येक परवाने असत. त्या वर्षी एका माणसाला एकच परवाना असा नियम झाला, तेव्हा परवाने व्यक्तींच्या नावांवर वाटले गेले, पण बांधलेली संख्या बांधलेलीच राहिली, आणि परवानेवाल्यांची एक नवी जमात निर्माण झाली. नगरपालिकेला दोन वर्षांसाठी दोनशे डॉलर भरावयाचे, आणि तोच कागद बेकायदा रीतीने वीस-पंचवीस हजार डॉलरांना दोन वर्षे भाड्याने द्यावयाचा. स्वतः कधी तव्याजवळ उभे राहावयाचे नाही, कित्येकदा शहरातही राहावयाचे नाही, असा हा व्यवहार चालत आला.

महाराष्ट्रातील वाचकाला हा व्यवहार समजावून सांगावयास नको. कोकणातील खोत सरकारात ठराविक सारा भरी आणि कुळाकडून मन मानेल तेवढे वसूल करी. जमीन कसणारा एक, तिच्यावर बसून खाणारा दुसरा, आणि दोघांच्या मधल्या रकमेकडे कानाडोळा करणारे सरकार तिसरे, अशी ती व्यवस्था होती. ज्या १९३७ साली न्यूयॉर्कने टॅक्सीच्या परवान्यांची जहागिरी निर्माण केली, त्याच साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, हा केवळ योगायोग असला तरी विचार करावयास लावणारा आहे. खोतीचा शेवट १९४९ च्या कायद्याने झाला. न्यूयॉर्कमधील पदपथाची खोती मात्र एकविसाव्या शतकातही चालू राहिली. गाडीवाला पहाटे गॅरेजवर जातो, कारण रात्री गाडी नेमून दिलेल्या गॅरेजमध्येच ठेवून धुतली पाहिजे असा नियम आहे आणि त्या जागेचे भाडे निराळे. तेथून गाडी मोटारीमागे बांधून जागेवर आणतो. इमारतीच्या दारापासून वीस फूट, रस्ता ओलांडण्याच्या पट्ट्यापासून दहा फूट, पदपथाची रुंदी बारा फुटांहून कमी नको, असा टेपाने मोजून तिचा बंदोबस्त करतो. आणि यांतील एखादे माप इंचभर चुकले की दंडाची पावती हाती घेतो. एका अपराधाला हजार डॉलरपर्यंत चढणारा हा दंड २०१३ साली नगरसभेने पाचशेवर आणला, यावरून तो पूर्वी किती जाचक होता हे समजून येईल. बर्फ पडो की ऊन तापो, बारा तास उभे राहून, परवान्याचे भाडे, गॅरेजचे भाडे, गॅस, माल आणि दंड वजा जाता जे उरते, त्याच्यातून गावी पैसे पाठवावयाचे असतात.

हा जाच मुकाट्याने सोसला गेला असे मात्र नाही. १९९८ साली महापौर रुडॉल्फ जुलियानी यांच्या प्रशासनाने मॅनहॅटनच्या व्यापारी भागातील अनेक रस्ते खाद्यगाड्यांना बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा गाडीवाल्यांनी संप करून निषेध केला. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात टॅक्सीचालकांनीही नव्या कडक नियमांविरुद्ध शहर बंद पाडून दाखविले. विक्रेता आणि त्याचे पहिले गिऱ्हाईक, दोघेही दुसऱ्याच्या परवान्याची कुळे, एकाच वर्षी रस्त्यावर उतरली, ही घटना त्या शहराच्या श्रमिक इतिहासात नोंदली गेली पाहिजे. २००१ साली शॉन बसिन्स्की यांनी रस्त्यावरील विक्रेत्यांसाठी ‘स्ट्रीट व्हेंडर प्रॉजेक्ट’ ही संस्था स्थापन केली; त्याच वर्षाच्या सप्टेंबरात शहरावर झालेल्या भीषण दहशतवादी हल्ल्यानंतर दाढीवाल्या, अरबी नावाच्या माणसाला उघड्या रस्त्यावर उभे राहून धंदा करणे किती कठीण झाले असेल, याची कल्पना करता येते. तो द्वेष अजून पुरता विझलेला नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात एका माजी परराष्ट्र अधिकाऱ्याने मॅनहॅटनमधील एका हलाल गाडीवरील इजिप्शियन तरुणाला वारंवार येऊन धर्मावरून शिवीगाळ केली, आणि त्याबद्दल त्याला अटक झाली. परंतु त्याच गाडीपुढे शेजारपाजारच्या लोकांनी मुद्दाम रांग लावून अन्न विकत घेतले, हेही तितकेच खरे आहे, आणि शहराचा निवाडा करताना दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या पाहिजेत.

पुष्कळ वर्षांच्या चळवळीनंतर २०२१ साली नगरसभेने कायदा केला, की दहा वर्षांत दरवर्षी ४४५ या हिशेबाने ४,४५० नवे परवाने द्यावेत आणि अशा परवान्याचा धारक गाडीवर जातीने हजर असावा. या दुसऱ्या अटीतच सारे मर्म आहे. मर्यादा वाढविण्याने भाडे थोडे उतरेल. परंतु परवाना राबणाऱ्याच्याच नावावर असला पाहिजे हे तत्त्व मान्य झाले, तर मधला खोत आपोआप नाहीसा होईल. कायद्याची अंमलबजावणी मात्र मंदगतीने चालली, आणि थाळीचा भाव चढतच राहिला. २०२५ च्या जानेवारीत झोहरान ममदानी या तरुण आमदाराने गाडीवाल्यांशी बोलून एक लहानशी चित्रफीत काढली. तिच्यात गाडीवाल्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले, की परवान्यासाठी आपल्याला सतरा ते बावीस हजार डॉलर मोजावे लागतात, आणि तो परवाना आपल्या नावावर असता तर दहा डॉलरांची थाळी आपण आठ डॉलरांना दिली असती. १९०२ मधील सहा सेंटांच्या वाढीसारखीच दोन डॉलरांची ही वाढ लोकांच्या मनाला लागली. ज्यांचे वडील महमूद ममदानी मुंबईत जन्मले आणि ज्यांच्या आई मीरा नायर यांनी ‘सलाम बॉम्बे!’ हा चित्रपट काढला, ते झोहरान ममदानी त्या वर्षाच्या नोव्हेंबरात महापौरपदी निवडून आले, आणि न्यूयॉर्कचे पहिले मुसलमान महापौर झाले. हलाल थाळीचा भाव हा त्यांच्या प्रचारातील अगदी आरंभीचा विषय होता.

मुंबईनेही याबाबतीत निश्चिंत राहावे अशी स्थिती नाही. आपल्या महानगरपालिकेने १९७८ पासून फेरीवाल्यांना नवे परवाने देणे थांबविले; न्यूयॉर्कच्या आधी पाच वर्षे. मोहम्मद अली मार्गावरच्या कबाबवाल्यापासून दादरच्या वडापाववाल्यापर्यंत साऱ्या शहराला खाऊ घालणारी माणसे त्यानंतर वाढत गेली, परंतु कागदावर ती नाहीत. आणि जो कागदावर नाही, त्याला हप्ता देऊन आणि माल जप्त होऊ देऊनच जगावे लागते. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा केंद्रीय कायदा २०१४ साली झाला. त्याने सर्वेक्षण करावे, समित्या नेमाव्यात आणि विक्रेत्यांना प्रमाणपत्रे द्यावीत असे सांगितले आहे. तो कायदा पाळला जावा एवढीच मागणी करावयाची आहे.

स्वस्त अन्न आपोआप स्वस्त होत नसते. खाणाऱ्याने जे दिले नाही ते दुसऱ्या कोणीतरी भरलेले असते, आणि न्यूयॉर्कच्या हलाल गाडीच्या बाबतीत ते गेली पस्तीस वर्षे गाडीवाल्याने आपल्या झोपेतून आणि कुटुंबाच्या ताटातून भरलेले आहे. शहराला त्याचे अन्न हवे असेल, तर त्याचे पदपथावरील उभे राहणेही कायदेशीर आणि सन्मानाचे झाले पाहिजे. कसेल त्याची जमीन हे तत्त्व या महाराष्ट्राने कूळकायद्याने मान्य केले, त्याला आता पुष्कळ वर्षे होऊन गेली. तेच तत्त्व रस्त्याला लावून जो गाडीवर उभा राहून राबेल त्याचाच परवाना, असा कायदा न्यूयॉर्कने मनापासून अमलात आणावा, आणि मुंबईनेही आणावा.